दीड सेकंदाचं झांजवादन

अर्जदाराचे नाव: दिगंबर श्रीधर मुजुमदार. वय: सत्तेचाळीस. हुद्दा: अप्रेझर, सीमाशुल्क खाते, खिदिरपूर गोदी. उंची: पाच फूट चार इंच. ओळखीची खूण: डाव्या कानाच्या पाळीवर तीळ. सेवेबाहेरील ज्या कार्यासाठी परवानगी हवी त्याचे स्वरूप: सिंफनी ऑर्केस्ट्रात झांज वाजवणे. कार्य किती वेळा करणार: एकदा. लागणारा कालावधी: अंदाजे दीड सेकंद. मोबदला: नाही. सदर कार्यामुळे शासकीय कर्तव्यात बाधा येईल काय: नाही, कार्यक्रम रविवारी आहे.

हा अर्ज १९७३ सालच्या जानेवारीत तीन टेबलांवरून फिरला. दुसऱ्या टेबलावर 'दीड सेकंद' या शब्दांखाली तांबड्या पेन्सिलीची रेघ आली आणि समासात शेरा पडला: 'दीड तास असावे. खुलासा व्हावा.' मुजुमदारांनी खुलासा केला: 'दीड सेकंदच. उरलेला वेळ अर्जदार स्वस्थ बसून असेल.' स्वस्थ बसायला परवानगी लागत नसल्यामुळे अर्ज मंजूर झाला.

मुजुमदार मूळचे साताऱ्याकडचे. बदली होऊन कलकत्त्याला आले त्याला अकरा वर्षं झाली होती. या आडनावाचे लोक बंगालमध्ये गल्लोगल्ली असल्यामुळे बंगाली माणूस त्यांना भेटला की घरातलं कुणी भेटल्यासारखा मोकळा होई, आणि मुजुमदारांनी तोंड उघडलं की फसवलं गेल्यासारखा बघे. मुजुमदारांना याची सवय झाली होती. मासे न खाण्याबद्दल ते नव्या ओळखीत आधीच दिलगिरी व्यक्त करून टाकत.

या गृहस्थांना आयुष्यात एकच वाद्य येत होतं, ते म्हणजे झांज. शिकलेले कुठेच नव्हते. लहानपणापासून गावच्या आणि पुढे कलकत्त्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दहा दिवस सकाळ-संध्याकाळ आरतीला झांज धरत, एवढीच तालीम. ठोका स्वच्छ होता, याबद्दल दुमत नव्हतं. दुमत होतं ते वेगाबद्दल. मुजुमदारांची पहिली आरती माणसाच्या चालीने निघे, दुसरी दुडक्या चालीने, आणि तिसरीला शब्द पाठ असलेली माणसं एकेक करून मागे पडत. चौथ्या आरतीत नुसती झांज उरे. थांबवायला कुणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा लागे.

बहात्तर सालच्या गणपतीत मंडळाचे चिटणीस श्यामराव यांनी खांद्यावर हात ठेवला नाही. त्यांनी भर आरतीत मुजुमदारांच्या हातातून झांज काढून घेतली आणि कापराचं तबक त्यांच्या हाती दिलं.

"मुजुमदार, तुम्ही कापूर सांभाळा," ते म्हणाले. "तो आपोआप विझतो."

दीडशे माणसं हसली. मुजुमदारही हसले. मात्र त्यानंतर महिनाभर ते घरच्या देवापुढची घंटासुद्धा दबकत वाजवत होते, हे त्यांच्या पत्नी प्रतिभाताईंनी पुढे सांगितलं.

डिसेंबरात गोदीच्या शेडमध्ये एक लाकडी पेटी आली. जर्मनीतल्या कुणा हितचिंतकाने कलकत्त्यातल्या एका हौशी सिंफनी ऑर्केस्ट्राला भेट पाठवलेली होती. सोबतच्या कागदावर त्याने लिहिलं होतं: 'कांस्याच्या तबकड्या, दोन, चामडी मुठीसह.' पेटी सोडवून घ्यायला ऑर्केस्ट्राचे कंडक्टर स्वतः आले होते. हे डॉक्टर अनिमेष सोम. सकाळी ते त्वचारोगांवर औषधं देत आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी पन्नास माणसांना हातवारे करून वाजवायला लावत. दोन्ही कामांत गुण यायला वेळ लागतो, असं ते म्हणत.

"हे काय आहे?" मुजुमदारांनी विचारलं.

"ऑर्केस्ट्राची झांज," डॉक्टर सोम म्हणाले.

"कागदावर तबकड्या आहेत. भांड्यांत धरल्या तर एक दर, वाद्यांत धरल्या तर दुसरा."

"भांडी? यांत शिजवणार काय?"

"ते आमचं खातं बघत नाही. वाजवून दाखवा, म्हणजे वाद्य लिहितो."

"मी कंडक्टर आहे," डॉक्टर सोम म्हणाले. "मी काहीच वाजवत नाही."

तेव्हा शासकीय कर्तव्याचा भाग म्हणून मुजुमदारांनी त्या तबकड्या उचलल्या. तीन महिने हाताला झांज लागलेली नव्हती, आणि अशी झांज तर जन्मात लागलेली नव्हती. एकेक पान पुरणपोळीच्या परातीएवढं होतं. त्यांनी ठोका दिला. शेडमधली कबुतरं एकदम उठली, बाहेर क्रेनवाल्याने क्रेन थांबवली, आणि पलीकडच्या टेबलावर झोपलेला कारकून उठून "आलो साहेब" म्हणाला. मुजुमदारांनी कागदावर 'वाद्य' असं लिहून सही केली.

डॉक्टर सोम त्यांच्याकडे बघत राहिले होते. त्यांचा झांजवाला बराकपूरच्या लष्करी बँडमधला होता आणि त्याची चारच दिवसांपूर्वी जबलपूरला बदली झाली होती. फेब्रुवारीत कार्यक्रम होता. सिंफनी ठरली होती, तिकिटं छापली होती, झांज आली होती आणि तिला माणूस नव्हता.

"कुठे शिकलात?" त्यांनी विचारलं.

"देवापुढे," मुजुमदार म्हणाले. "वर्षातून दहा दिवस."

"आमच्याकडे वर्षातून एकच ठोका आहे. चालेल?"

त्या सिंफनीचे चार भाग होते. पहिल्या तीन भागांत झांजेला काम नव्हतं. चौथ्या भागात दोनशे शहाऐंशी बार गप्प बसायचं, दोनशे सत्याऐंशीव्याच्या पहिल्या मात्रेवर एक ठोका द्यायचा, आणि पुन्हा शेवटपर्यंत गप्प बसायचं. बारला मुजुमदार आवर्तन म्हणत आणि त्या ठोक्याच्या जागेला सम. डॉक्टर सोमांनी एकदोनदा दुरुस्ती करून पाहिली, मग तेही सम म्हणू लागले.

तालमी एका मिशनरी शाळेच्या हॉलमध्ये होत. पहिल्या तालमीत मुजुमदारांनी समेवर ठोका दिला, आणि मग दुसरा, तिसरा, चौथा. सातव्या ठोक्याला सगळी व्हायोलिनं थांबली होती. ओबो वाजवणारे पारशी दंतवैद्य मागे वळून बघत होते.

"एकच," डॉक्टर सोम म्हणाले.

"एक दिला की पुढचा आपोआप येतो."

"येऊ देऊ नका."

"चाळीस वर्षांची सवय आहे, डॉक्टर."

"खाजेची पण सवय असते," डॉक्टर सोम म्हणाले. "खाजवायचं नाही. ठोका दिला की झांज लगेच छातीला लावा. आवाज बंद, हात बंद."

हा उपाय लागू पडला. दुसऱ्या तालमीत तीन ठोके पडले, तिसऱ्या तालमीत दोन, पाचव्या तालमीत एक. ऑर्केस्ट्राने व्हायोलिनच्या गजांनी समोरच्या कागदांच्या टेकण्या ठोकून मुजुमदारांचं अभिनंदन केलं.

राहिला प्रश्न दोनशे शहाऐंशी मोजण्याचा. बोटांची पेरं पुरेनात. शेवटी मुजुमदारांनी देवघरातली जपमाळ घेतली. एकशे आठच्या दोन माळा म्हणजे दोनशे सोळा. वरची सत्तर आवर्तनं मनात मोजायची, कारण तोवर झांज हातात घ्यायला हवी. रोज रात्रीच्या जेवणाआधी त्यांची मुलगी लीना रसायनशास्त्राचं पुस्तक वाचता वाचता चमच्याने टेबलावर आवर्तनं वाजवी आणि मुजुमदार डोळे मिटून मणी ओढत.

"मध्ये देवाचं नाव तरी घ्या," प्रतिभाताई म्हणत.

"घेतलं तर आकडा चुकतो."

"बाबा, तुम्ही आत्ता झिमोत होता," लीना म्हणे. ती कलकत्त्यातच वाढली होती आणि तिच्या मराठीत अधूनमधून बंगाली उगवे.

"झिमोत नाही म्हणायचं. पेंगत म्हणायचं. आणि मी पेंगत नव्हतो. एकशे नव्वद."

"एकशे बावन्न, बाबा."

जानेवारीच्या शेवटी मुजुमदार तिकिटं घेऊन बागबाजारला श्यामरावांकडे गेले. श्यामरावांचं घराणं तीन पिढ्या कलकत्त्यात. मराठ्यांच्या भीतीने इंग्रजांच्या काळात शहराभोवती जो खंदक खणला तो बागबाजारापासून सुरू झाला होता, आणि श्यामराव त्याचा उल्लेख स्वतःच्या मालमत्तेसारखा करत. खंदक बुजून पुष्कळ वर्षं झाली, तरी पाहुण्याला तो कुठून कुठे जात होता हे खिडकीतून दाखवल्याशिवाय ते चहा देत नसत. त्या दिवशीही त्यांनी तो दाखवला आणि मग तिकिटं हातात घेतली.

"किती वेळा वाजवणार?"

"एकदा."

"एकदा वाजवणार आणि त्यासाठी आम्ही बागबाजारातून चौरंगीला यायचं?"

"योग्य ठिकाणी एकदा," मुजुमदार म्हणाले.

श्यामरावांनी चष्मा काढून पुसला. "मुजुमदार, तुम्ही एकावर थांबाल हे मला पटत नाही. पण पटवून दाखवा. थांबलात, तर यंदाच्या गणपतीत झांज तुमची. न थांबलात, तर कापूर कायमचा."

"कबूल," मुजुमदार म्हणाले. घरी येईपर्यंत ट्राममध्ये त्यांनी एक माळ ओढली.

कार्यक्रमाला मंडळाची तेवीस माणसं आली. दीड रांग भरली. बायकांनी ठेवणीतल्या पैठण्या काढल्या होत्या आणि श्यामरावांनी कोशाचा फेटा बांधला होता, त्यामुळे मागच्या रांगेतल्या एका गोऱ्या गृहस्थांना सबंध संध्याकाळ फेटाच ऐकावा लागला. मुजुमदार रंगमंचावर सगळ्यात मागे होते. एका बाजूला माणसाच्या उंचीची दोन व्हायोलिनं, दुसऱ्या बाजूला तांब्याचे मोठे नगारे आणि त्यामागे बराकपूरचे हवालदार गुरुंग. मुजुमदारांनी लग्नातला बंद गळ्याचा काळा कोट घातला होता. खिशात माळ होती. झांज शेजारच्या स्टुलावर ठेवलेली होती आणि ती कुणी नेऊ नये म्हणून त्यांनी तिच्यावर एक हात ठेवला होता.

पहिला भाग संपला तेव्हा मंडळाने कडकडून टाळ्या वाजवल्या. बाकीचं सभागृह शांत होतं. पुढच्या रांगेतल्या एका मडमेने वळून ओठांवर बोट ठेवलं.

"संपलं नाही," श्यामरावांनी रांगेला कळवलं. "मध्ये वाजवत नाहीत."

"मग थांबले कशाला ते?" त्यांच्या पत्नी सरलाबाई म्हणाल्या.

"पानं उलटतायत."

दुसरा भाग संथ होता. त्यात कुठेतरी मागे काहीतरी पडलं. "वाजली," सरलाबाई कुजबुजल्या. "नाही," श्यामराव म्हणाले, "ती चौथ्यात आहे." तिसरा भाग झाला आणि चौथा सुरू झाला. श्यामराव पुढे सरकून बसले. प्रतिभाताई पहिल्यापासूनच पुढे सरकून बसल्या होत्या.

मुजुमदारांनी पहिला मणी ओढला.

त्या संध्याकाळी त्यांचं मोजणं अचूक होतं, हे मुद्दाम नोंदवून ठेवलं पाहिजे. पहिली माळ संपली तेव्हा बासऱ्या आल्या, जिथे यायला हव्यात तिथेच. दुसरी माळ संपली तेव्हा पितळी वाद्यं उठली. मुजुमदारांनी माळ खिशात टाकली, झांज उचलली आणि मनात मोजू लागले. दहा. वीस. तालमीत पन्नास माणसं कधीच पूर्ण जमत नसत. कुणाचा दवाखाना असे, कुणाची ड्यूटी. आज सगळे होते. चाळीस. व्हायोलिनं एक पायरी चढत होती आणि थांबत होती, पुन्हा चढत होती. पन्नास. मुजुमदारांच्या मानेवर काटा उभा राहिला. साठ. आता सबंध ऑर्केस्ट्रा एकाच जागेकडे ओढला जात होता आणि ती जागा कुठे आहे हे मुजुमदारांना मण्यागणिक माहीत होतं. अडुसष्ट. एकोणसत्तर. सत्तर.

एवढे दिवस डॉक्टर सोमांच्या मनात धाकधूक होती ती माणूस थांबेल की नाही याची. सुरू करेल की नाही, ही शंका त्यांना कधी आलीच नव्हती. तरी खबरदारी म्हणून त्या क्षणी ते अख्खे मुजुमदारांकडे वळले, दोन्ही भुवया वर नेल्या, डोळ्यांत बघितलं आणि समेवर मानेने खूण केली.

आता, ज्या माणसाने वयाच्या सातव्या वर्षापासून गाण्याच्या बैठकीत सतरंजीवर मांडी घातली आहे, त्याच्याकडे समेवर येऊन कलावंताने असं बघितलं तर त्याने काय करायचं हे ठरलेलं आहे. न करणं हा उर्मटपणा समजतात. मुजुमदारांनी मान डोलावली. उजवा हात झांजेच्या पानासकट वर उचलला, तळवा उघडावा तसा. आणि हवालदार गुरुंगांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते म्हणाले, "वा."

नगारे वाजले. सम निघून गेली.

दोनशे अठ्ठ्याऐंशीव्या आवर्तनात मुजुमदारांच्या लक्षात आलं की एक पान वर आहे आणि एक खाली आहे. आता द्यावा का ठोका, हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. खात्यात मुदतीनंतर आलेले कागद दंड भरून का होईना स्वीकारतात. इथे तशी सोय दिसेना. तेव्हा शिकवल्याप्रमाणे पुढची पायरी म्हणून त्यांनी झांज छातीला लावली. न झालेला आवाज अशा रीतीने वेळेवर बंद करण्यात आला.

सिंफनी संपल्यावर सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं. मंडळाची तेवीस माणसं हात मांडीवर ठेवून बसून होती. पुढची मडमच उभी राहिली तेव्हा श्यामरावांनी "आता चालेल" म्हणून परवानगी दिली.

पडद्यामागे डॉक्टर सोम रुमालाने मान पुसत होते. मुजुमदार त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, झांज छातीलाच होती.

"डॉक्टर, चूक झाली."

डॉक्टर सोमांनी रुमाल खाली घेतला. मग म्हणाले, "तुम्ही काय म्हणालात तेव्हा?"

"वा म्हणालो."

"म्हणजे आवडलं."

"फार आवडलं."

"तीस वर्षं मी अशा जागांवर येतोय," डॉक्टर सोम म्हणाले. "मागून कुणी कधी वा म्हटलं नव्हतं. त्यापुढची चार आवर्तनं मी काय केलं ते मला आठवत नाही. गुरुंगने सांभाळलं." त्यांनी रुमालाची घडी केली. "तरी पण वाजवायला हवी होती, मिस्टर मुजुमदार. आधी वाजवायची, मग वा म्हणायचं."

बाहेर फाटकापाशी मंडळ घोळका करून उभं होतं आणि वाद रंगात आला होता. सरलाबाईंच्या मते झांज दुसऱ्या भागात वाजली. विमा कंपनीतले चारुदत्त तीन ठोके ऐकल्याचं सांगत होते. श्यामरावांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"मुजुमदार," ते म्हणाले, "मी चूक कबूल करतो. एक म्हणालात, एकच दिलात. ठोका समेवर होता. जरा मोठा होता, पण ती तुमची पद्धत."

मुजुमदारांनी खाली बघितलं. "श्यामराव, मी वाजवलीच नाही."

"विनय पुरे."

"विनय नाही. तुम्ही ऐकलेत ते नगारे होते. मी नुसता हात वर केला."

"तो आम्ही पाहिला ना. हात वर गेला आणि धडाम झालं. तेवीस माणसांनी पाहिलं."

"धडाम गुरुंगांनी केलं."

"हे बघा," श्यामराव म्हणाले, आणि फेट्यामुळे ते आणखीच ठाम दिसले, "तीन पिढ्या आम्ही या शहरात आहोत. झांज कुठली आणि नगारा कुठला, एवढं मला कळतं. गणपतीत झांज तुमची. विषय संपला."

मुजुमदारांनी आणखी एकदा तोंड उघडलं, तेव्हा चारुदत्तांनी त्यांच्या हातात चिवड्याची पुडी दिली.

टॅक्सी रेसकोर्सला वळसा घालून खिदिरपूरकडे निघाली. लीना पुढे बसली होती.

"मी तुमचे हात बघत होते," प्रतिभाताई म्हणाल्या.

"मग?"

"मग काय. उजवा वर गेला. डावा जागचा हलला नाही."

"सांगितलं मी श्यामरावांना."

"ऐकलं मी. तुम्ही सांगितलंत, त्यांनी घेतलं नाही. आता काय अर्ज करणार आहात?"

मुजुमदार खिडकीबाहेर बघत होते. "तिथे येईपर्यंत मी दोनशे शहाऐंशी मोजले," ते म्हणाले. "एक चुकला नाही. आणि तिथे आल्यावर ते इतकं सुंदर झालं की मी विसरलो मी कोण आहे ते."

"मलाही काटा आला होता."

"तुलाही?"

"मग. वा म्हणायलाच हवं होतं कुणीतरी," प्रतिभाताई म्हणाल्या. "बाकीचे सगळे नुसते वाजवत बसले होते."

श्यामराव शब्दाचे पक्के निघाले. त्या वर्षी गणपतीत झांज मुजुमदारांकडे आली, आणि चौथ्या आरतीला त्यांच्या खांद्यावर हात ठेवण्यासाठी स्वतः श्यामराव शेजारी उभे राहिले. मंडळाच्या वार्षिक अहवालात 'सभासदांचे सुयश' या सदराखाली त्यांनी पुढील मजकूर घातला: 'आपले सभासद श्री. दिगंबर मुजुमदार हे कलकत्त्यातील सिंफनी ऑर्केस्ट्रात झांजवादक म्हणून काम पाहत असून त्यांच्या संयमित वादनाने पाश्चात्य संगीताच्या क्षेत्रात मंडळाची मान उंचावली आहे. त्यांची ही सेवा यापुढेही अखंड चालू राहील.'

पुढच्या हिवाळ्यासाठी डॉक्टर सोमांनी निवडलेल्या सिंफनीत झांज नव्हती. मुजुमदारांना त्यांनी तिसऱ्या रांगेतला पास पाठवला.